दाबून पाहून घेतलेली गाडी

आमच्या घरात गाडी म्हणजे टेम्पो. ‘गाडी आली’ म्हणजे बाबा आले, आणि ‘गाडी बसली’ म्हणजे त्या दिवशी बाबांशी कुणी बोलायचं नाही. त्यामुळे मी गाडीवर काहीतरी लिहितेय म्हटल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, “कुठली? खरी, का तुझी?”

माझी. ती छोटी आहे, लाल आहे, जुनी आहे, आणि आम्ही ती चुकून घेतली. म्हणजे पैसे मोजून, पूजा करून, पेढे वाटून घेतली, पण चुकून.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा मी एम.एस्सी. करायचं ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे मनात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे बी.एस्सी. झाली की शिक्षण संपतं, असं घरच्यांना अगदी सरळपणे वाटत होतं. नंतर काय करायचं तेही जवळजवळ ठरलेलं होतं. भिवंडीजवळ वडप्याला काकांच्या शेताच्या जागी आता गोदाम आहे. तिथे कॉम्प्युटरवर बसून माल आला-गेला नोंदवायला मुलगी हवी होती. काकांनी शब्द टाकला होता. मी मात्र एका संध्याकाळी जेवताना, भाताकडे बघत, हळूच म्हणाले की मला ठाण्याला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायची आहे, आणि प्रॅक्टिकल संपायला संध्याकाळ होते.

मला वाटलं होतं बाबा शिक्षणाला नाही म्हणतील. पण त्यांचा शिक्षणाला आक्षेप नव्हताच. त्यांचा रस्त्याला आक्षेप होता.

“तो रस्ता मी रोज बघतो, बाय,” ते म्हणाले. “कंटेनरवाल्याला वरनं स्कूटी दिसत न्हाय. रिक्षा दिसत न्हाय. मी टेम्पोत बसलेला त्याला दिसत न्हाय कधी कधी.”

“बसने जाईन.”

“बस कशेळीच्या पुलाला अडकली की तुझं प्रॅक्टिकल तिथंच व्हायचं.”

मग ते भात संपवून उठले. हात धुताना म्हणाले, “चार चाकं पायजेत. भोवती पत्रा पायजे. मग बघू.”

बाबांची ‘मग बघू’ची अट हळूहळू पूर्ण आकाराला आली ती अशी: एक जुनी छोटी गाडी घ्यायची. ती मी शिकायची. प्रवेश पक्का करायच्या दिवशी मी एकटीने कशेळीचा पूल ओलांडून ठाण्याला जायचं आणि एकटीनेच परत यायचं. जमलं तर पुढची दोन वर्षं माझी. नाही जमलं, तर गाडी विकायची आणि वडप्याच्या गोदामात कॉम्प्युटरवर बसायचं. मी हो म्हणाले. त्या वेळी मला सायकलही धड चालवता येत नव्हती.

हायवेलगत जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या मैदानात आम्ही तिघं गेलो. मी इंटरनेटवर वाचून तयारी केली होती. अ‍ॅव्हरेज विचारायचं, सर्व्हिसचे कागद विचारायचे, इंजिन सुरू करून धूर बघायचा, असं सगळं पाठ होतं. पण विकणारा माणूस समोर आल्यावर मी अ‍ॅव्हरेज इतकं हळू विचारलं की तो “हाँ, हाँ” म्हणाला आणि पुढे निघून गेला.

बाबांची पद्धत वेगळी होती. टेम्पोवाल्याला गाडीत एकच गोष्ट बघायची असते, ती म्हणजे वजन टाकल्यावर गाडी किती खाली बसते. माल भरला की जो टेम्पो मागून बसतो तो घाटात रडवतो. म्हणून बाबा प्रत्येक गाडीच्या मागे जात, दोन्ही हात टेकवत आणि अंगातलं सगळं बळ लावून ती दाबत. पहिली पांढरी गाडी मस्त खाली गेली आणि वर आली.

“मऊ हाय,” बाबा म्हणाले.

दुसरी चंदेरी. तीही गेली खाली. “ही पण मऊ. खड्ड्यात बसंल.”

असं करत करत ते मैदानाच्या कोपऱ्यात पोचले. तिथे एक लाल गाडी धूळ खात उभी होती. बाबांनी दाबली. गाडी हलली नाही. त्यांनी चप्पल नीट केली, पुन्हा दाबली. नाही हलली. मग ते मागचा दरवाजा उघडून त्याच्या कडेवर चक्क बसले. तरी गाडी खाली बसली नाही. बाबांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद फार क्वचित बघितलाय.

“ही बघ!” ते आईला म्हणाले. “याला म्हनतात गाडी. अर्धा टन घेईल.”

विकणारा धावत आला. तो खरं तर भला माणूस होता. म्हणाला, “चाचा, ये गाड़ी ज़रा शौक़ीन लोगों की है. आप वो सफ़ेद वाली देखो ना.”

“शौकीन मंजे जपून वापरली असंल,” बाबा आम्हाला म्हणाले.

“चाचा, टायर भी देखो, पतला रबर है. अपने रोड पर…”

“टायर बदलता येतात. पाटे बदलता येत न्हाईत.” बाबांनी खाली वाकून पाटे शोधले. टेम्पोला मागे लोखंडी पट्ट्या एकावर एक असतात, ते पाटे. या गाडीला ते नव्हतेच. बाबा थोडे चक्रावले, पण तेवढ्याने त्यांचं मत बदललं नाही. बिनपाट्याची असून एवढी कडक, म्हणजे आणखीच भारी.

किंमतही आमच्या आवाक्यातली होती. इतकी चांगली गाडी इतक्या स्वस्तात का, हा प्रश्न मला पडला होता. मी तो विचारणारही होते. पण आईने तेवढ्यात गाडीच्या नाकावर हळदकुंकू लावलं.

गाडीच्या मागे दोन इंग्रजी अक्षरं चमकत होती. बाबांना वाटलं, आधीच्या मालकाने पोरांच्या नावांची आद्याक्षरं लावलीत. आमच्याकडे सगळेच लावतात. “दुसऱ्याच्या पोरांची नावं आपन कशाला फिरवायची,” म्हणून त्यांनी ती उपटून काढली आणि तिथे ‘आई एकवीरा प्रसन्न’ लावलं. त्या दोन अक्षरांसाठी हौशी लोक जास्तीचे पैसे मोजतात, आणि आमच्या खड्ड्यांमुळेच ती इथे स्वस्तात पडून होती, हे आम्हाला पुढे कळलं.

न बसणारी गाडी म्हणजे काय, ते आम्हाला घरी येतानाच समजायला लागलं. भिवंडीच्या रस्त्यावर जेवढा म्हणून खड्डा होता तो टायरमधून सीटमध्ये आणि सीटमधून थेट मणक्यात येत होता. रस्त्यावर बिडी पडली असती तरी आतल्या माणसाला कळलं असतं. बाबा गाडी चालवत होते. आई मागे दोन्ही हातांनी छताचा दांडा धरून बसली होती.

“ही गाडी हाय का सूप?” ती शेवटी म्हणाली. “तांदूळ पाखडावेत तशी पाखडतेय.”

“रिकामी हाय म्हनून,” बाबा म्हणाले. “माल भरला की मऊ चालंल.”

“मी बसलेय ना मागं. मी माल न्हाय का?”

दुसरी अडचण आमच्या गल्लीत आली. आमच्याकडचे गतिरोधक सरकारने केलेले नाहीत, लोकांनी केलेत. कुणाच्या तरी घराचं काम निघालं की उरलेलं सिमेंट रस्त्यावर आडवं ओततात. त्यामुळे त्यांना उंचीचा काही धरबंध नाही. लाल गाडीचं पोट इतकं खाली होतं की आत तीन माणसं असली तर ती गतिरोधकावर खरडायची. शेवटी रिवाजच पडला. गतिरोधक आला की गाडी थांबायची. आई एका बाजूने उतरायची, मी दुसऱ्या बाजूने. बाबा एकटे गाडी अलगद पलीकडे न्यायचे. आम्ही चालत जाऊन पुन्हा बसायचो. गल्लीत असे चार उंचवटे आहेत.

समोरच्या काकू रोज ओट्यावर बसून हा सोहळा बघायच्या. “काय गो,” त्या आईला म्हणायच्या, “गाडी घेतलीस तरी चालतंच जातेस?”

आणि पेट्रोल. बाबांचा टेम्पो डिझेलवर, तोही गरिबासारखा कमी खाणारा. पहिल्या महिन्यानंतर बाबा गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि खाली वाकून टाकी गळतेय का ते बघून म्हणाले, “बकरीएवढी गाडी, म्हशीएवढं पिते.”

शिकायला आम्ही रविवारी सकाळी वडप्याला जायचो. गोदामाच्या पुढे ट्रक वळवायची सिमेंटची मोठी जागा आहे, रविवारी ती रिकामी असते. तिथला राखणदार खुर्ची घेऊन सावलीत बसायचा आणि आमच्याकडे सिनेमा बघावा तसा बघायचा.

पहिला प्रश्न बाबांनी बसायचं कुठे, हा होता. मी उजवीकडे बसले. उरली डावी सीट. टेम्पोत डावी सीट क्लिनरची. बाबांनी आयुष्यात सुरुवातीची काही वर्षं क्लिनर म्हणून काढली, मग ते ड्रायव्हर झाले, आणि त्यानंतर कुठल्याही गाडीत डावीकडे बसले नाहीत. लग्नाच्या गाडीतसुद्धा नाही. पहिल्या रविवारी ते मागे, मधोमध, शेठसारखे बसले. तिथून त्यांना माझे पाय दिसेनात. मग ते गाडीबाहेर, खिडकीला धरून चालायला लागले. मी पेडलवर पाय ठेवला, गाडीने क्षणभर विचार केला आणि मग एकदम उडी मारली. बाबा चालत होते ते धावायला लागले आणि मग धावायचेही राहिले.

“ब्रेक! बाय, ब्रेक!” मागून आवाज आला.

राखणदार उभा राहून टाळ्या वाजवत होता. “वाह उस्ताद! लड़की तो पायलट है!”

त्यानंतर बाबा डावीकडे येऊन बसले. आणि एकदा तिथे बसल्यावर त्यांच्यातला जुना क्लिनर आपोआप जागा झाला. खिडकीतून निम्मे बाहेर, मान मागे, हात दरवाजाच्या पत्र्यावर. “येऊ दे… येऊ दे… अजून… डावी मार… येऊ दे…” आणि पत्र्यावर थाप. दोन थापा म्हणजे चल. एक थाप म्हणजे थांब. हे मला कुणी शिकवलं नाही, पण लहानपणापासून टेम्पो मागे घेताना ऐकलेलं असल्यामुळे माझे पाय ते ऐकून आपोआप हलत. मी आरशात बघायची नाही, रस्त्याकडे फारशी बघायची नाही. थापा ऐकायची. आम्हा दोघांना वाटत होतं की मी फार पटकन शिकतेय.

वळण घेणंही त्यांनी त्यांच्या पद्धतीने शिकवलं. डावीकडे वळायचं तर आधी चांगलं उजवीकडे जायचं, म्हणजे मागचं अंग नाक्याला घासत नाही. माझ्या गाडीला मागचं अंग असं नव्हतंच. पण मी सवयीने प्रत्येक वळण मागे मोठा हौदा जोडलाय असं घेत होते.

लायसन्सच्या परीक्षेला साहेब शेजारी बसले. बाबा कुंपणाबाहेर. साहेब म्हणाले, “चला.”

मी गिअर टाकला आणि वाट बघत बसले.

“चला ना.”

मला खरंच निघायचं होतं. पण पाय उचलेना. काहीतरी राहिलंय असं वाटत होतं, आणि काय राहिलंय ते आठवत नव्हतं. साहेबांनी कंटाळून हातातलं पेन समोरच्या डॅशबोर्डवर दोनदा आपटलं. टक टक. मी निघाले. पुढे वळणावर मी आधी उजवीकडे इतकी गेले की साहेबांनी मागे वळून बघितलं.

“मागे काय जोडलंय का मॅडम?”

“नाही सर.”

“कुणाकडे शिकलात?”

मी कुंपणाकडे बोट दाखवलं. बाबा तिथे उभे राहून हवेत हात हलवत, “येऊ दे… येऊ दे…” करत होते. साहेबांनी बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघून हसले आणि पास केलं. माझ्या चालवण्यावर केलं की बाबांच्या तळमळीवर, हे मी विचारलं नाही.

मग शीळ सुरू झाली. शीळ आधीपासून होतीच, पण बाबा टेम्पोवाल्यासारखे चालवायचे तेव्हा ती ऐकू यायची नाही. मी जरा पाय दाबायला शिकले तसा गाडीच्या नाकातून एक बारीक ‘सुईं’ असा आवाज यायला लागला. नाक्यावर पोरं उभी असताना मी निघाले की गाडी शीळ घालायची. पोरं वळून बघायची. एकदा एका बाइकवाल्याने शेजारी येऊन विचारलं, “रेस?” मी म्हणाले, “कॉलेज.” तो बिचारा गोंधळून निघून गेला.

आईला ते सहन झालं नाही. “पोरं शीळ घालतात ते ठीक. पोरीच्या गाडीनं घालायची? गल्लीत काय म्हनतील?”

म्हणून शीळ बंद करायला आम्ही ती बाबांच्या नेहमीच्या मेकॅनिककडे नेली. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं, आणि बाहेर काढलं तेव्हा त्याचे डोळे मोठे झाले होते.

“चाचा, ये कहाँ से उठाई?”

“का? काय झालं? शीळ बंद कर फक्त.”

“अरे ये टर्बो है चाचा! सीटी नहीं मारेगी तो समझो मर गई. ये तो रेस वाली है. लड़के लोग ढूँढते फिरते हैं.” मग त्याने वाकून चाकाच्या आत बघितलं. “सस्पेन्शन देखो. इसीलिए इतना टाइट है. भागने के लिए.”

“वजन घ्यायला न्हाय?”

“वजन?” मेकॅनिकने आधी बाबांकडे, मग माझ्याकडे, मग ‘आई एकवीरा प्रसन्न’कडे बघितलं. “चाचा, इसमें आदमी भी कम बिठाते हैं.”

आम्ही घरी निघालो. गतिरोधकावर आम्ही मुकाट्याने उतरलो आणि मुकाट्याने चढलो. घरात आल्यावर बाबा म्हणाले, “विकायची. पोरीच्या पायाखाली रेसची गाडी मी द्यायचा न्हाय.”

प्रवेश पक्का करायचा दिवस त्याच आठवड्यात होता. दुसरी गाडी शोधायला वेळ नव्हता, आणि हे बाबांना माहीत होतं. मला काहीतरी ठाम बोलायचं होतं. मी “पण बाबा” म्हणाले आणि पुढचं वाक्य मिळेना. रसायनशास्त्राची सगळी समीकरणं आठवत होती, वाक्य आठवत नव्हतं.

आई कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, “ही सुरी पन धारदार हाय. मग काय, चुलीत घालू?”

“सुरी वेगळी.”

“वेगळी कशी? हात ज्याचा, काम त्याचं. आणि आंबा दाबून घ्यावा तशी दाबून तुमीच आनलीत ना? तवा हिला विचारलं न्हाय. आता हिच्यावर राग काढू नका.”

बाबा उठून बाहेर टेम्पोत जाऊन बसले. ते विचार करायला टेम्पोतच बसतात. परत आले तेव्हा म्हणाले, “जा. पन एकटी मंजे एकटी. जाताना आणि येताना. मधे कुठं थांबून मला फोन केलास, तर ते एकटं न्हाय.”

त्या दिवशी सकाळी मी निघाले. आईने कपाळाला अंगारा लावला, मला आणि गाडीलाही. चारही उंचवटे मी एकटीने हळूच ओलांडले. मुख्य रस्त्याला लागले आणि आरशात बघितलं तर मागे बाबांचा टेम्पो.

त्यांनी आदल्या रात्री सहज म्हटल्यासारखं म्हटलं होतं, “मला उद्या ठान्याला माल टाकायचाय.” टेम्पोचा हौदा मात्र रिकामा होता. रिकामा टेम्पो खड्ड्यात कसा खडखडतो, ते मला झोपेतसुद्धा ओळखू येतं. एकटी जायचं ही त्यांचीच अट, आणि तेच मागे. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर तो खडखडाट नीट ऐकू यावा म्हणून मी खिडकीची काच खाली केली.

काल्हेरपर्यंत आम्ही असेच गेलो. मेट्रोच्या खांबांमुळे रस्ता अर्धा, दोन्ही बाजूंना कंटेनर. कंटेनरचं चाक माझ्या खिडकीत, बरोबर डोक्याच्या उंचीवर फिरत होतं. मी हळू झाले की मागून बाबा लाइट मारायचे. जरा वेगात गेले की हॉर्न. म्हणजे हळूही नको आणि जोरातही नको. आजूबाजूच्या लोकांना वाटत असणार की हा टेम्पोवाला त्या लाल गाडीवाल्या मुलीला त्रास देतोय. एक रिक्षावाला तर खिडकीतून बाबांना ओरडलाही, “ओ चाचा, जाने दो ना बिचारी को!”

पुलाच्या अलीकडे ट्रॅफिक हवालदार उभा होता. सकाळच्या वेळी मालाच्या गाड्यांना ठाण्यात सोडत नाहीत. हे बाबांना माझ्या जन्माआधीपासून माहीत आहे. रोज तेच दुसऱ्या ड्रायव्हरांना सांगतात. त्या दिवशी ते विसरले होते. हवालदाराने मला हात केला, चला. आणि माझ्यामागे आडवा हात धरला. मी आरशात बघितलं. टेम्पो कडेला घेतला जात होता. बाबांचा हात खिडकीतून बाहेर आला आणि हवेत जोरजोरात हलला.

तो हात ‘थांब’ म्हणत होता की ‘जा’ म्हणत होता, ते मला कळलं नाही. आरसा लहान होता, आणि हात दोन्ही बाजूंना हलत होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. थांबले तर तो माझा एकटीचा प्रवास राहणार नव्हता. गेले आणि बाबा थांब म्हणत असले, तर काय होईल ते मला ठाऊक नव्हतं. मी तशीच बसून राहिले. कितीतरी वेळ बसले असं वाटलं, पण बहुतेक दोन-चार हॉर्न वाजण्याइतकाच वेळ असेल. मग वडप्याच्या गोदामातली कॉम्प्युटरपुढची ती खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर आली. मी तिच्यावर कधी बसले नव्हते, फक्त रविवारी काचेतून पाहिली होती. पाठीवर टॉवेल टाकलेली खुर्ची.

मी निघाले.

हवालदाराने मालाच्या सगळ्या गाड्या अडवून ठेवल्या होत्या, आणि मी बसून राहिले तेवढ्यात पुढच्या छोट्या गाड्या निघून गेल्या होत्या, त्यामुळे पुलावर माझ्यापुढे कुणीच नव्हतं. खाली खाडी, वर पूल, आणि पूल मोकळा. घेतल्यापासून त्या गाडीने मोकळा रस्ता बघितलाच नव्हता. मीही बघितला नव्हता. मी पाय थोडा जास्त दाबला. गाडीने तिचा तो नेहमीचा एक क्षण विचार केला, शीळ घातली, आणि मला सीटमध्ये मागे ढकललं. कडक असलेली गाडी पहिल्यांदाच कडक वाटली नाही. रस्त्याला चिकटून, सरळ, एखादा धागा ओढावा तशी गेली. मला त्याची थोडी लाज वाटली, कारण मला मजा आली होती. पूल संपला तसा मी पाय काढला आणि उरलेलं ठाणं शहाण्यासारखी गेले.

कॉलेजच्या खिडकीवर बाईंनी माझे कागद बघितले. “पालक आलेत का बरोबर?”

“पुलापलीकडे आहेत.”

“मग बोलवा ना.”

“त्यांना सोडत नाहीत.”

बाईंनी माझ्याकडे जरा काळजीने बघितलं, पण शिक्का मारला. प्रवेश पक्का झाला. बाहेर येऊन मी बाबांना फोन लावला. अट येता-जाता वाटेत थांबून फोन न करायची होती. कॉलेजातून करायला हरकत नव्हती, असं मी मला समजावलं.

“कुठं हायस?” बाबांचा आवाज एकदम हळू होता.

“कॉलेजात. नाव घातलं.”

फोनवर मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

“बरं,” ते म्हणाले. मग आणखी हळू, “पुलावर सोडलीस ना गाडी?”

“थोडी.”

“थोडी कसली? लाल दिसत होती, मग दिसलीच न्हाय. इथं हवालदार माझ्या शेजारी चहा पितोय. तो म्हनला, कोन हो ती, पेटल्यासारखी गेली? तुमच्या वळखीची का? तुमी हात करत होता.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हनलं, न्हाय. हॉर्न मारून कंटाळलो होतो, म्हनून हात करत होतो.” थोडं थांबून ते म्हणाले, “आता तू परत येशील तवा इथं थांबू नको. मी दुपारपर्यंत इथंच हाय. हे सोडत न्हाईत, आणि मागं वळवलं तर हा विचारंल, की माल न्हाय तर आलासच कशाला.”

“बरं.”

“आणि हळू ये.”

मी हळू आले. पूल उतरताना पलीकडच्या बाजूला टेम्पो दिसला, आणि त्याच्यापुढे टपरीवरच्या बाकावर बाबा आणि तो हवालदार. हवालदाराने लाल गाडी ओळखली. त्याने बाबांना कोपराने ढोसून बोट दाखवलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, कुणी अनोळखी बाई जाताना बघावं तसं, आणि ग्लासात बघून चहावर फुंकर मारली. मीही समोर बघितलं. आम्ही एकमेकांना ओळख दाखवली नाही, आणि मी एकटीने घरी आले.